सीतादह्याची घागर

बोरखेडीच्या चंद्रभानचा गाल अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या बाजारांत ओळखीचा होता. तो मूठभर कापूस घ्यायचा, डाव्या गालावर दाबायचा, डोळे मिटून दोन श्वास थांबायचा आणि सांगायचा, "कोरडा हाय." किंवा "हे दव हाय, दोन घंटे ऊन दाखवा." किंवा नुसतीच मान हलवून कापूस परत द्यायचा. म्हणजे पाणी मारलेलं आहे. त्याचं म्हणणं असं, की कुणब्याच्या तळहाताला घट्टे असतात, त्याला ओल कळत नाही, गालाला कळते. व्यापारी आणि शेतकरी हमरीतुमरीवर आले की दोघेही म्हणत, चंद्रभानच्या गालाले लावा, तो सांगन ते खरं.

काटेपूर्णा नदीच्या अलीकडे, अकोल्याच्या बाजूला त्याचं काळ्या मातीचं शेत होतं. दोन मुली लग्न होऊन मोर्शीकडे गेलेल्या. घरात तो आणि बायको मैनाबाई. तिचाही लौकिक होता, आणि गावात तो नवऱ्यापेक्षा मोठा होता. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी वऱ्हाडात सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यातलं सगळ्यांत भरदार झाड निवडायचं, त्याच्याच बोंडातला लांब धागा काढून झाडाला गुंडाळायचा, खाली दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, आणि गडव्यातलं, म्हणजे लहानशा तांब्यातलं, दह्याचं पाणी बोटांनी चार झाडांवर शिंपडायचं. मग जिच्या हाताला यश आहे अशा बाईने पहिली ओंजळ वेचायची. बोरखेडीत ही बाई म्हणजे मैनाबाई. दिवाळीच्या सुमारास तिला शेताशेतांतून बोलावणं येई. पहिली ओंजळ तिचीच असे. त्या ओंजळींच्या कापसाची तिने एक गादी भरली होती, आणि त्या गादीवर कोणाच्या शेताचा कापूस कुठे आहे हे आपल्याला कळतं असं ती म्हणायची. चंद्रभान हसायचा. पण झोपायचा त्याच गादीवर.

मग अमेरिकेत लढाई लागली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इकडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. ज्वारीची वावरं कापसाची झाली. अमरावतीच्या रस्त्यावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग तुटेना. वजनावर घेतला जाणारा कापूस आणि वजनावर विकणारा माणूस एकत्र आले की जे होतं ते होऊ लागलं. काटेपूर्णेच्या उतारावर बंडी थांबवायची, बैल पाण्यावर न्यायचे, आणि येताना चार तांबे कापसावरही उडवायचे. असले लोक बाजारात चंद्रभानच्या गालाला सापडत.

आपल्या गालाला न सापडणारी ओल कशी असेल, याचा विचार तो आधी नुसता गंमत म्हणून करत होता. पुढे त्याने ते करून पाहिलं. गोणपाट भिजवून, पिळून बंडीच्या तळाला अंथरायचं, वर बोरूची चटई, चटईवर कापूस, आणि कापसावर पुन्हा एक पिळलेलं गोणपाट. कापसाला पाणी पाजावं लागत नाही. ते जवळ असलं तरी तो पितो, सगळ्या अंगाने सारखा पितो. दोन दिवसांनी अमरावतीत पोहोचेपर्यंत गोणपाट कोरडं आणि कापूस वजनदार. वर एकही थेंब नाही, कुठे ढेकूळ नाही. त्याने स्वतः गालाला लावून पाहिला. कळलं नाही. त्याला त्या क्षणी खरं म्हणजे अभिमानच वाटला.

शेजारच्या गोवर्धनला त्याने ही रीत शिकवली. गोवर्धनने आणखी कोणाकोणाला शिकवली असेल ते त्याने विचारलं नाही.

पण असा ओला कापूस मुंबईत दाबून गाठीत बांधला की आतून तापतो. पिवळा पडतो, बुरशी धरतो. अशी एक गाठ तिकडे उघडली गेली आणि तिच्यावरच्या खुणेवरून माग काढत काढत चौकशी बोरखेडीच्या चावडीपर्यंत आली. हे १८६४ सालच्या माघातलं. भेसळीच्या आणि ओल्या कापसाविरुद्ध मुंबईकडे कायदा झाला होता. तसाच वऱ्हाडासाठी करायचा सरकारचा विचार होता. मसुदा लिहिण्याआधी गावोगावच्या जाणत्या माणसांच्या जबान्या घ्यायच्या होत्या. एक तरुण साहेब आला. त्याच्याबरोबर पुण्याकडचा एक कारकून होता. पाटील भगवंतरावांनी दोन माणसं पुढे केली. कापसातला जाणता म्हणून चंद्रभान, आणि ज्याचा कापसाशी संबंध नाही असा म्हणून शालिकराम माळी. शालिकरामचा नदीकाठी मळा होता, वांगी, मिरच्या आणि झेंडू.

जबान्या चावडीच्या आतल्या खोलीत, एकेकाला बोलावून झाल्या. कारकून प्रश्न वाचत होता आणि साहेब ऐकत होता. चार प्रश्न सरळ गेले. पाचवा आला.

"वेचणीच्या वेळी किंवा नंतर कापसावर पाणी अथवा दुसरं काही शिंपडलं जातं का?"

"नाही जी."

कारकुनाने मान वर केली. "मग तुमच्या गावची गाठ ओली कशी निघाली? कोणीतरी शिंपडत असेलच. नाव सांगा, नाहीतर कारण सांगा. साहेब रिकाम्या हाताने परत जाणार नाहीत."

चंद्रभानच्या घराच्या मागे, कुडावर, दोन गोणपाटं वाळत होती. चावडीच्या खिडकीतून ती दिसत नव्हती, तरी त्याला दिसली.

"बाया शिंपडतेत," तो म्हणाला. "सीतादह्याच्या दिवशी. दह्याचं पानी."

साहेबाने काहीतरी विचारलं. कारकुनाने ते मराठीत केलं. "किती? एका शेताला किती पाणी?"

गडवाभर, आणि तोही पुरा नाही. चार झाडांवर चार बोटं. हे सांगितलं असतं तर साहेबाने हसून पुढचा प्रश्न विचारला असता, आणि तो पुढचा प्रश्न काय असेल ते चंद्रभानला माहीत होतं.

"घागरभर," तो म्हणाला.

कारकुनाने लिहिलं. चंद्रभानने खाली निशाणी केली, कुणबी करतात तशी नांगराची. बाहेर आल्यावर शालिकरामने विचारलं, "काय इचारलं गा?"

"काही नाही. भाव-बिव."

"मले इचारलं, तुह्या मिरचीत कापूस सापडते का," शालिकराम म्हणाला आणि स्वतःच हसला.

मसुदा आला तो दसऱ्याच्या आधी. छापील कागद होता. पाटलांनी सगळ्यांना चावडीवर बोलावून पटवाऱ्याकडून तो वाचून घेतला. बाया पारावर बसल्या होत्या. पहिली आठ कलमं बाजाराची होती. नववं कलम असं होतं, की वेचणीच्या काळात कापसाच्या शेतात पाण्याचं, दह्याचं किंवा अन्य पातळ पदार्थाचं भांडं नेणं मना आहे. नेल्यास दंड आणि भांडं जप्त. त्याच्या खाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं. मौजे बोरखेडी येथील बाया धर्मकृत्याच्या मिषाने दर शेतास एक घागर द्रव शिंपडतात, असं तेथील एका प्रतिष्ठित इसमाच्या जबानीवरून दिसतं. मसुद्यावर हरकती असल्यास मार्गशीर्षात अमरावतीस हजर कराव्यात.

तानुबाई नावाची एक वेचणारीण म्हणाली, "पान्याचं भांडं नाही न्यायचं म्हंजे? प्याचं काय?"

"कागदात प्याचं वेगळं नाही लिहिलं," पटवारी म्हणाला.

"लिहिणाऱ्याले तहान नसन लागत."

मैनाबाई कागदाकडे नाही, माणसांकडे पाहत होती. "घागर," ती म्हणाली. "घागरभर दही कोनाच्या घरी निघते? एवढं तरी इचारायचं होतं त्या सायबानं. ज्यानं सांगतलं त्यानं कधी सीतादही पाह्यलं नाही."

सगळ्यांच्या माना शालिकरामकडे वळल्या. जबानी दोघांची झाली होती. दुसरा चंद्रभान, आणि चंद्रभान तर मैनाबाईचाच नवरा. शिवाय शालिकरामच्या वाफ्यात कापूस नव्हता, त्याचं काय जाणार होतं?

"म्या काहून सांगन बाप्पा," शालिकराम म्हणाला. "मले तर पान्याचा सवालच केला नाही. तिसऱ्यालेच हाकलून देल्लं."

हे खरं होतं. पण घागर शालिकरामने सांगितली नव्हती हे चंद्रभानशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि चंद्रभान आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला होता.

त्या दिवसापासून बायांनी शालिकरामची वांगी घेणं सोडलं. तो टोपली घेऊन दारोदार यायचा आणि दारं त्याला सांगायची, आज भाजी आहे. एकदा चंद्रभानच्या दाराशी आला. मैनाबाई आतून म्हणाली, "दह्यातले वांगे असतीन तर नको." चंद्रभान ओट्यावर होता. शालिकराम त्याच्याकडे बघून म्हणाला, "तूच सांग गा भौजीले. तू तर होता ना तिथं." चंद्रभान उठला, बैलांना पाणी दाखवायचं आहे असं काहीसं बोलला आणि गोठ्यात गेला. बैल पाणी पिऊन बसले होते.

कायदा अजून झाला नव्हता. पण भगवंतराव घाबरट माणूस होते. सरकारच्या कागदात गावाचं नाव आलेलं, आज ना उद्या कायदा होणारच, मग आतापासून पाळलेला बरा, असा त्यांनी हिशेब केला. दिवाळीला वेचणी सुरू झाली तेव्हा त्यांनी कोतवालाला शेतांवर फिरायला लावलं. गावाला कोतवाल एकच, शेतं दीडशे. म्हणून कोतवालाचा मेहुणा, मग त्याचाही भाऊ. एका मसुद्याने तीन माणसं कामाला लागली, आणि ते तिघेही शेतावर गेल्यावर आधी आपल्यासाठी पाणी मागत.

सीतादह्याला मैनाबाई रिकाम्या हातांनी गेली. धागा गुंडाळला, भाताची कोरडी मूद ठेवली. शिंपडायला काही नव्हतं. ती झाडासमोर तशीच उभी राहिली, ओले नसलेले हात हवेत धरून, आणि मग तिने पहिली ओंजळ वेचली. घरी आल्यावर तिने ती ओंजळ गादीत घातली नाही. परसात ठेवली. वाऱ्याने ती कुडाला लागली, जिथे गोणपाटं वाळत घालत असत.

चंद्रभानने त्या सालात गोणपाट वापरलं नव्हतं. आपण आता काही वाईट करत नाही, असं तो स्वतःला रोज सांगत होता. अकोल्याच्या बाजारात कोणीतरी मूठभर कापूस पुढे केला तेव्हा त्याने गालाला लावला आणि त्याला काहीच कळेना. घामाने गाल भिजलेला होता. "दुसऱ्याले इचारा," तो म्हणाला. लोकांना नवल वाटलं.

दिवाळी होऊन आठ दिवसांनी तानुबाई गोवर्धनच्या शेतात पडली. सकाळपासून वेचत होती, सहा महिन्यांची पोटुशी. कार्तिकातलं ऊन चढलेलं. पाणी प्यायचं तर बांध ओलांडून नदीपर्यंत जा आणि परत या; तेवढ्यात वेचणं राहतं, म्हणून ती गेली नव्हती. तिला बाभळीखाली आणून निजवलं. पाणी आणायला दोघी शेजारच्या मळ्यात धावल्या, आणि शालिकराम मोटेचं पाणी कळशीत घेऊन धावत आला. कोतवालाचा मेहुणा बांधावर आडवा झाला. "भांडं आत नाही न्यायचं."

शालिकरामने त्याच्याकडे पाहिलं, कळशी बांधावर ठेवली, डोक्याचं पागोटं सोडून पाण्यात बुडवलं आणि ते निथळतं पागोटं घेऊन आत गेला. "हे भांडं नव्हे," तो म्हणाला. त्याने पागोटं तानुबाईच्या तोंडात पिळलं. ती उठून बसली. माफी कोणी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघीतिघींनी वांगी घेतली.

चंद्रभानही तिथे होता. ओलं कापड पिळलं की किती पाणी निघतं, हे त्याच्याइतकं गावात कोणाला माहीत नव्हतं.

त्याच रात्री जेवताना मैनाबाई म्हणाली, "आमी हरकत देऊन राह्यलो." पटवाऱ्याने बायांची अर्जी लिहून दिली होती. सीतादह्यात गडवाभर पाणी लागतं, घागर म्हणणं खोटं आहे, आणि वेचणारणींना प्यायचं पाणी नेऊ द्यावं. खाली तेवीस निशाण्या होत्या, बाया करतात तशा, बांगडीच्या. पहिली बांगडी मैनाबाईची. "तुमची बंडी अमरावतीले जाते. तुमीच द्या कचेरीत. तुमचा शब्द चालते तिथं."

त्याने कागद घेतला. जेवण तसंच ताटात राहिलं. सांगून टाकावं असं त्याला त्या वेळी वाटलं होतं, हे त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवलं. पण ती उठून भांडी आवरू लागली होती.

अमरावतीच्या कचेरीत तोच कारकून होता. अर्जी त्याने वाचली, कपाटातून एक पुडकं काढलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर तेवीस बांगड्या. दुसऱ्यावर एक नांगर.

"हा माणूस सांगतो घागर," कारकून म्हणाला. "या बायका सांगतात गडवा. दोन्ही खरं असू शकत नाही. हा माणूस कापसातला जाणता आहे, असं मीच त्या वेळी लिहिलं आहे. तेव्हा बायकांची अर्जी खोटी ठरते. खोटी अर्जी केल्याबद्दल पहिल्या निशाणीच्या बाईला इथे हजर व्हावं लागेल. मैनाबाई म्हणजे कोण?"

चंद्रभानला कारकुनाने ओळखलं नव्हतं. उठून जाता आलं असतं.

"नांगर माहा हाय," तो म्हणाला.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"घागर म्या खोटी सांगतली. गडवा खरा. तोही पुरा नसते."

"मग ओल कुठून आली?"

हाच तो पुढचा प्रश्न. त्याला यायला दहा महिने लागले होते. चंद्रभान बाहेर गेला, बंडीच्या मागे बांधलेलं जुनं गोणपाट सोडून आणलं आणि कारकुनाच्या पुढ्यात ठेवलं. मग तो सगळं बोलला. किती पिळायचं, चटई कशाची, बंडी कधी झाकायची, कधी उघडायची. कारकून लिहीत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "मागल्या वेळी तुम्ही एका शब्दात आटपलंत."

"खोटं होतं ते."

"हे लिहिलं तर मसुद्यात जाईल. गावाचं नाव पुन्हा येईल, आणि या वेळी तुमचंही. लिहू?"

"लिहा. पन बायाइचं पानी सोडा."

त्याने खाली नांगर काढला.

तो गावात पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. बाजारात बोरखेडीचे दहा जण होते. गोवर्धन वाटेतच भेटला. "बायकोले वाचवलं आन् आमाले बुडवलं," तो म्हणाला आणि त्यानंतर आयुष्यभर त्याच्याशी बोलला नाही. शालिकरामच्या मळ्यात चंद्रभान आपणहून गेला. शालिकराम मिरच्या तोडत होता.

"दोन महिने माहे वांगे सडले," तो मान वर न करता म्हणाला. "मले वाटे, तू सांगशीन. रोज वाटे. आता मिरच्या घेऊन जा."

घरी मैनाबाई ओट्यावर बसली होती. तिने त्याला पाणी दिलं, तो पिईपर्यंत थांबली.

"सायबानं इचारलं तवा दुसऱ्या कायचं नाव घेता आलं नसतं?" ती म्हणाली. "दव म्हनता आलं असतं. नदी म्हनता आलं असतं. पानी तुमचं होतं, आन् नाव माह्या दह्याचं देल्लं."

त्याने रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

नववं कलम खोडलं गेलं, असं नंतर कळलं. त्याच्या जागी ओल्या गोणपाटाचं कलम आलं होतं. पण उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, वजन वाढवण्यासारखा कापूसच कोणी मागेना. मसुदा तसाच राहिला. कायदा कधी आलाच नाही. पाटलांनी तो छापील कागद चावडीच्या आढ्याला खोचून ठेवला. म्हणजे चंद्रभानने नसतं सांगितलं तरी चाललं असतं, असं लोक त्याला म्हणत. तो ऐकून घ्यायचा. त्याला दंड झाला नाही, कचेरीने पुन्हा बोलावलं नाही. कोणी तरी बोलावेल म्हणून दोन वर्षं तो वाट पाहत होता.

त्याने बाजारात गाल लावणं सोडलं ते सोडलंच. पण दिवाळीला पहिली वेचणी सुरू झाली की सकाळी नदीवरून पाण्याची घागर भरायचा आणि ज्या शेतात सीतादही असेल तिथल्या बाभळीखाली नेऊन ठेवायचा. गडवा नव्हे, घागर. म्हातारपणी खांदा उतरला तरी नेत होता; दोनदा थांबायचा, नेत मात्र होता. तानुबाईची पोरगी त्या पाण्यावर मोठी झाली. बाया प्यायच्या, वेचायच्या, पुन्हा प्यायच्या.

मैनाबाई आपल्या गडव्यातलं दही-पाणी शिंपडायची, पहिली ओंजळ वेचायची, आणि तहान लागली की बाभळीखालची घागर टाळून घरून आणलेल्या आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. गादीत तिने पुन्हा ओंजळी घातल्या. फक्त चंद्रभानच्या शेतातली पहिली ओंजळ वेचायला ती दर साली तानुबाईला बोलवायची.